डिस्टिलरीच्या सांडपाण्यावर ओझोन वापरताय? या चुका टाळा

मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारा स्पेंट वॉश गडद तपकिरी असतो. तो रंग मुख्यतः मेलॅनॉइडिनचा, म्हणजे साखर आणि अमिनो आम्लांपासून बनणाऱ्या तपकिरी द्रव्याचा. ओझोनने तो झपाट्याने उतरतो आणि नेमकी इथेच फसगत होते. ओझोन आधी रंग देणारे दुहेरी बंध तोडतो. मोठ्या रेणूंचे तुकडे होतात, पण ते तुकडे पाण्यातच राहतात. पाणी फिकट पिवळं दिसतं, सीओडी (पाण्यातला मळ रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) मात्र फारसा उतरलेला नसतो. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं समजून ते नाल्यात सोडणं हा काठावरच्या विहिरींवर अन्याय आहे. रंग आणि सीओडी प्रत्येक वेळी वेगवेगळे मोजा.

दुसरी चूक खिशाला लागते: कच्च्या स्पेंट वॉशवर थेट ओझोन सोडणं. त्याचा सीओडी लिटरला १ लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो, म्हणजे एका घनमीटरला १०० किलो. ओझोनच्या तीन ऑक्सिजन अणूंपैकी एकच कामी आला असं धरलं, तर किलोभर सीओडीला ३ किलो ओझोन लागतो. १०० किलोला ३०० किलो. ऑक्सिजनवर चालणारा जनरेटर किलोभर ओझोनला साधारण १० युनिट वीज खातो. एका घनमीटरला ३,००० युनिट कोण भरणार? म्हणून आधी बायोमिथेनेशन (बंद डायजेस्टरमध्ये जिवाणूंकडून बायोगॅस काढणं), मग एरेशन (पाण्यात हवा सोडणं), गाळ नीट बसवणं आणि त्यानंतरच ओझोन. ओझोननंतर पुन्हा एक जैविक टप्पा ठेवला, तर ते तुटलेले तुकडे जिवाणू सहज खातात. ओझोनचा खरा उपयोग तिथे आहे, असं माझं ठाम मत आहे.

डायजेस्टरमधून आलेल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. ओझोनपासून बनणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे मळ तोडणारे अतिक्रियाशील कण, ते गिळून टाकतं. डोस वाढवूनही फरक पडत नसेल, तर आधी अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः या बायकार्बोनेटचं प्रमाण, तपासा. पाणी कोमट असेल तर ओझोन विरघळतो कमी, निसटतो जास्त.

नागपुरात सगळे मे महिन्याच्या उन्हाला घाबरतात. पण कोरड्या हवेत जनरेटर थंड ठेवणारा कूलिंग टॉवर बरं काम करतो. जनरेटरला खरा त्रास जुलै-ऑगस्टमध्ये होतो. हवेवर चालणाऱ्या यंत्रात दमट हवा शिरली की नायट्रिक आम्ल तयार होऊन इलेक्ट्रोड खराब होतात आणि ओझोनही घटतो. हवा सुकवणाऱ्या ड्रायरनंतरचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ साकळू लागते ते) उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे ना, हे पावसाळ्यात रोज बघा.

फेस येणारच, ओझोन आणि पाणी मिसळतात त्या कॉलममध्ये वर मोकळी जागा ठेवा. साध्या रबराचे गॅस्केट टिकत नाहीत, पीटीएफई (टेफ्लॉन) वापरा. सीओडीच्या चाचणीत मर्क्युरिक सल्फेट पुरेसं घाला, नाहीतर क्लोराइडमुळे आकडा फुगतो.

आणि कॉलमच्या वरून निघणारा वायू कधीही उघड्यावर सोडू नका. त्याला उरलेला ओझोन नष्ट करणारा ओझोन डिस्ट्रक्टर हवाच. कामाच्या जागी ०.१ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) वर ओझोन गेला की अलार्म वाजला पाहिजे. वासावर विसंबू नका, थोड्याच वेळात नाक त्या वासाला सरावतं.