डॅनिश की चेक? मराठी माणसाने या चुका टाळा

कोपनहेगनला नोकरी लागलेला असो की प्रागला शिकायला निघालेला, दोघेही आधी एकच गोष्ट शोधतात: यातली सोपी भाषा कुठली? उत्तरादाखल हमखास अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा तक्ता पुढे येतो. त्यात डॅनिश सगळ्यात सोप्या गटात आहे आणि चेक सुमारे ४४ आठवड्यांच्या अवघड गटात.

पहिली चूक इथेच होते. तो तक्ता इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे. चेकच्या त्याच अवघड गटात हिंदीही आहे, यावरून काय ते समजा. माझ्या मते डॅनिश कागदावर सोपी आणि कानाला अवघड, तर चेकचं बरोबर उलट. आणि दोन्हीकडे आपण अडकतो ते बहुतेक वेळा मराठी बाजूला ठेवून इंग्रजीतून विचार करतो म्हणून.

घड्याळ आणि आकडे

डॅनिशमध्ये 'हॅल त्रे' आणि चेकमध्ये 'पूल त्र्शेती' म्हणजे अडीच वाजता. ब्रिटिश इंग्रजीची सवय असलेला माणूस 'हाफ थ्री' समजून साडेतीनला पोचतो आणि डॉक्टरची वेळ हुकते. खरं तर दोन्ही भाषा 'तिसऱ्याचा अर्धा' म्हणतात, आणि आपला 'अडीच' हा शब्दही मुळात 'अर्धतृतीय'च आहे.

डॅनिश आकड्यांना जग हसतं. पण ५० म्हणजे 'हॅलत्रेस', त्याच्या जुन्या लांबलचक रूपाचा अर्थ अडीच वेळा वीस. ६० तीन विसा, ७० साडेतीन विसा, ८० चार विसा, ९० साडेचार विसा. ज्यांच्या घरात कुणी अडीचकी-औटकीचे पाढे म्हटलेत त्यांनी यात घाबरण्यासारखं काही नाही. एकवीस, बावीस यांच्यासारखा एककाचा आकडाही आधीच येतो. म्हणून ७३ ऐकल्यावर 'सेव्हंटी-थ्री' करत बसू नका, सरळ 'त्र्याहत्तर' करा. सरावाला फोन नंबर उत्तम: डेन्मार्कमधले आठ आकडी नंबर बहुधा दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात.

चेकचा सापळा वेगळा आहे. 'पाव तिनाकडे' म्हणजे सव्वादोन, आणि 'तीन पाव तिनाकडे' म्हणजे पावणेतीन. मोजणी येणाऱ्या तासाकडे चालते, गेलेल्या तासापासून नाही.

उच्चार

डॅनिश शब्द देवनागरीत लिहून पाठ करू नका. (वर मी लिहिलेत ते फक्त वाचायच्या सोयीसाठी.) 'हुन' म्हणजे ती आणि 'हुन' म्हणजे कुत्रा, दुसऱ्यात स्वरानंतर घशात एक बारीक झटका असतो, त्याला 'स्टॉड' म्हणतात. आई आणि खून या शब्दांतला फरकही त्या झटक्याचाच, तेव्हा तो ऐच्छिक समजू नका. जेवण या अर्थाचा शब्द लिहितात 'मॅड' असा, पण शेवटचा मऊ 'ड' आपल्याला 'ल'सारखा ऐकू येतो. तो काढताना जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवायचं. डॅनिश 'ब' आपल्याला 'प' वाटतो आणि 'प' ओठ मिटून म्हटलेला 'फ'. अल्पप्राण-महाप्राण आपल्याला जन्मजात कळतात, इथे ते कामाला येतात.

चेक लिहिल्याप्रमाणे वाचता येते. तिचे दोन 'च'ही मराठीत आहेत: एक 'चांगला'मधला, एक 'चार'मधला. आपली अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. वेलांट्या वहीत सांभाळतो, पण तोंडात 'इ' आणि 'ई' एकच. चेकमध्ये 'बित' म्हणजे फ्लॅट आणि 'बीत' म्हणजे असणं. शिवाय आघात नेहमी पहिल्या अक्षरावर. 'द्राह' म्हणजे मार्ग आणि 'द्रहा' म्हणजे महाग किंवा प्रिय; दुसऱ्यात शेवटचा स्वर लांब असूनही जोर 'द्र'वरच पडतो.

विभक्ती

सात विभक्तींचा तक्ता भिंतीवर लावून लोक महिनाभर नुसते त्याच्याकडे बघतात. 'पुणे'चं 'पुण्यात' होतं तसं 'प्राहा'चं 'व प्राझे' होतं. नाम बदलतं ही कल्पना आपल्याला नवी नाही. फरक इतकाच की मराठीत एकदा सामान्यरूप झालं की त्यालाच प्रत्यय लागत जातात, चेकमध्ये विभक्तीप्रमाणे शब्दाचा शेवटच बदलतो आणि विशेषणही सोबत बदलतं. म्हणून तक्ता नको, शब्दसमूह पाठ करा: 'काव्हा स म्लेकेम', दूध घातलेली कॉफी, 'चाय बेस त्सुक्रु', बिनसाखरेचा चहा. संबोधनही सोडू नका. पेत्रला हाक मारताना 'पेत्र्शे', यानाला 'यानो'. आपण 'देवा' म्हणतो तसंच.

'आपला' कुठे वापरायचा

डॅनिशमध्ये 'तो त्याच्या बायकोला भेटला' हे 'हॅन्स' (त्याचा) वापरून म्हटलंत तर ती दुसऱ्या कुणाची तरी बायको होते. स्वतःचीच असेल तर 'सिन', म्हणजे आपला 'आपला'. मात्र मराठीत 'ते आपल्या घरी गेले' चालतं. डॅनिशमध्ये अनेकवचनाला 'सिन' चालत नाही. चेकमधला 'स्वूय' उलट सैल आहे, तो 'मी'बरोबरही येतो, हिंदीतल्या 'अपना'सारखा.

वाक्यरचना आणि क्रियापदं

डॅनिश मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर हवं. 'आज'ने सुरुवात केलीत तर पुढे 'खातो मी मासे', 'मी खातो मासे' नव्हे. चेकमध्ये 'लिहीत असणं' आणि 'लिहून टाकणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. त्यातल्या 'लिहून टाकणं'ला भविष्यकाळाचं 'बुदु' लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. त्याचं साधं रूपच भविष्यकाळ दाखवतं.

अरे-तुरे

डेन्मार्कमध्ये जवळपास सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, मुख्याधिकाऱ्यालासुद्धा. जीभ अडखळते, पण 'तुम्ही' म्हणालात तर तेच ओशाळतात. चेकमध्ये मात्र दुकानात 'आहोय' (मित्रांमधलं 'हाय') नको, 'दोब्री देन' (नमस्कार) म्हणा, आणि 'अरे-तुरे'चा प्रस्ताव समोरच्या वडीलधाऱ्याकडून येऊ द्या.

दोन्ही भाषा एकाच वर्षी सुरू करू नका. डॅनिश 'या' म्हणजे हो, चेक 'या' म्हणजे मी. आणि चेक माणूस फोनवर 'नो, नो' म्हणत असेल तर तो नकार देत नाही, तुमच्याशी सहमत होतोय.