जर्नीमनचं रेकॉर्ड कसं वाचायचं आणि त्याची फाइट कशी बघायची

प्रो बॉक्सिंग नवीन नवीन बघायला लागलेला माणूस पहिलं काय करतो, तर बॉक्सरेक ही बॉक्सरांच्या रेकॉर्डची वेबसाइट उघडतो, नावापुढे 4 विजय आणि 90 पराभव दिसले की म्हणतो हा तर पडायलाच आणलाय, आणि ती फाइट सोडून सरळ मेन इव्हेंटला जातो. विजेंदर सिंग 2015 ला मँचेस्टरमध्ये प्रो झाला, मग 2017 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये लढला, तेव्हापासून आपल्याकडेही रेकॉर्ड बघून प्रतिस्पर्ध्याला निकालात काढायची सवय बऱ्याच जणांना लागलीये. माझं म्हणणं एवढंच आहे की जर्नीमनच्या, म्हणजे ठरलेले पैसे घेऊन नव्या पोरांसमोर लढणाऱ्या आणि बहुतेक वेळा हरणाऱ्या मुरलेल्या बॉक्सरच्या बाबतीत पराभवांचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. मग आधी काय बघायचं ते सांगतो. उदाहरणं बहुतेक ब्रिटनची घेतोय कारण हा सगळा कारभार तिथे अगदी उघड चालतो.

सगळ्यात आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या, कारण त्याशिवाय बाकी काहीच नीट कळत नाही. लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये यॉर्क हॉल आहे, साधारण 1200 माणसं बसतात, अशा छोट्या हॉलच्या शोला टीव्हीचा पैसा बहुतेक वेळा नसतोच. मग होम कॉर्नरचा, म्हणजे यजमान बाजूचा नवा पोरगा स्वतः तिकिटं विकतो, मित्रांना, नातेवाइकांना, कामावरच्या लोकांना, आणि त्या पैशातूनच समोरच्याची फी निघते. अवे कॉर्नरमधून, म्हणजे पाहुण्या बाजूने येणारा जर्नीमन तिकिटं विकत नाही, ठरलेले पैसे घेतो, कधी आदल्या दिवशी फोन आला तरी बॅग उचलून निघतो, वजन दोन-तीन किलो इकडे तिकडे असलं तरी चालवून घेतो. आता ज्या पोराने एवढी माणसं आणलीत तो हरला तर पुढच्या वेळी तिकिटं कोण घेणार? म्हणून प्रमोटरला असा माणूस हवा असतो जो चार राउंड नीट काढेल, पोराला काहीतरी शिकवेल, आणि स्वतः धड राहून पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावात परत उभा राहील. तालमीत वस्ताद नव्या पोराला जुन्या मुरलेल्या पैलवानाबरोबर लढत करायला सोडतो ना, तसंच हे काम, फक्त इथे त्याचा निकाल कायमचा रेकॉर्डवर चढतो.

आता रेकॉर्ड उघडा. पहिली गोष्ट, हरला कसा ते बघा, पॉइंट्सवर की स्टॉपेजने, म्हणजे फाइट पूर्ण व्हायच्या आत नॉकआउट होऊन किंवा रेफरीने थांबवल्यामुळे. इंग्लंडमधल्या ननीटनचा क्रिस्टियन लाइट 300 फाइट खेळून 2018 ला थांबला, 12 विजय, 279 पराभव, 9 ड्रॉ, पण त्यातले स्टॉपेज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. तीनशे वेळा रिंगमध्ये उतरून, ते पण बहुतेक वेळा ताज्या दमाच्या पोरांसमोर, एवढं कमी वेळा थांबवलं जाणं हे कसब आहे आणि ते फार थोड्यांकडे असतं.

दुसरी गोष्ट, कोणाशी लढला. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीची यादी बघा, 32 विजय, 256 पराभव, 12 ड्रॉ. पण समोर कोण होतं? नसीम हमीद दोनदा, ड्यूक मॅकेन्झी, आणि 2004 मध्ये केल ब्रूकचा प्रो डेब्यूच बकलीसमोर झाला. हे तिघेही कधी ना कधी वर्ल्ड चॅम्पियन राहिलेले. बकलीने 300 वी फाइट 2008 ला घरच्याच गावात खेळली आणि ती जिंकून ग्लव्ज ठेवले, त्याआधी 88 फाइट त्याला एकही विजय मिळाला नव्हता.

तिसरं म्हणजे तारखा. ब्रिटनमधलं प्रो बॉक्सिंग चालवणाऱ्या ब्रिटिश बोर्डाच्या नियमात स्टॉपेज झालं की किमान 28 दिवस लढता येत नाही, आणि भुवई फाटली तर ती भरेपर्यंत घरीच बसायचं. जो दर आठवड्याला लढून घर चालवतो त्याच्यासाठी याचा अर्थ महिन्याची कमाई गेली. म्हणून तो मिठी मारतो, वेळ काढतो, उगाच मारामारीत उतरत नाही, आणि लोक शिट्ट्या मारतात, पण त्याचा हिशोब एका रात्रीचा नसतोच, अख्ख्या वर्षाचा असतो.

मग स्कोअर. ब्रिटनमध्ये टायटल नसलेल्या फाइटला एकटा रेफरीच गुण देतो. राउंड जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला बहुतेक वेळा 9 गुण, म्हणून चार राउंडची फाइट 40-36 म्हणजे चारही राउंड पोराचे, 39-37 म्हणजे जर्नीमनने एक राउंड घेतला. माझं मत असं की अवे कॉर्नरच्या नावावर 39-37 दिसलं तर ती फाइट जवळपास बरोबरीची असू शकते असं धरून बघायला बसा, कारण अटीतटीचा राउंड बहुतेक वेळा तिकिटं विकणाऱ्याकडे झुकतो.

प्रत्यक्ष बघताना नजर पोरावरून काढा आणि जर्नीमनवर ठेवा, हे सुरुवातीला फार जड जातं कारण सगळा आवाज पोरासाठी असतो. हनुवटी कुठे लपवलीये बघा, खांद्याने पंच कसा घसरवतो बघा, रोपवर गेला तर अडकून गेलाय की मुद्दाम गेलाय, कारण मुद्दाम गेलेला असेल तर दोन पंच ग्लव्जवर घेऊन लगेच हात पकडतो आणि पोराला फिरवून स्वतः बाहेर निघतो. पहिल्या दोन राउंडमध्ये तो बहुतेक नुसतं मोजत असतो. तिसऱ्यात पोरगा दमला, डावा हात खाली यायला लागला, की एक सरळ राइट हँड नेमका तिथेच बसतो, फार जोरात नाही, पण पोराचा हात पुढची पाच मिनिटं वरच राहतो. शिकवणं म्हणतात ते हेच, कुठल्याही जिममध्ये पैसे देऊन असं मिळत नाही.

सगळे हरणारे मात्र एकाच मापाने मोजू नका. जो पहिल्या ठोशाला पडायलाच येतो त्याला अमेरिकेत टोमॅटो कॅन म्हणतात, तो जर्नीमन नव्हे. गेटकीपर वरच्या पायरीवर असतो, त्याला हरवलं तरच टॉप टेनची भाषा करायची. आणि मधेच इमॅन्युएल ऑगस्टससारखा कोणी सापडतो, रेकॉर्ड 38 विजय, 34 पराभव, 6 ड्रॉ, पण 2000 मध्ये डेट्रॉइटला फ्लॉइड मेवेदरसमोर नवव्या राउंडपर्यंत असा लढला की मेवेदरने नंतर आपल्याला सगळ्यात कठीण गेलेल्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये त्याचं नाव घेतलं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. जो माणूस वर्षानुवर्षं पॉइंट्सवर हरत होता त्याच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत स्टॉपेज वाढायला लागले, पाय जड झाले, आधी चुकवायचा ते पंच आता डोक्यावर घेतोय असं दिसलं, तर धोका आहे. ब्रिटनमध्ये लायसन्ससाठी दरवर्षी मेंदूचा स्कॅन लागतो, जिथे एवढीही तपासणी होत नाही तिथल्या शोमध्ये असा माणूस दिसला तर टाळ्या वाजवू नका, रेफरीने फाइट लवकर थांबवली तर आरडाओरडा करू नका, त्याने बरोबरच केलेलं असतं.

सुरुवात करायची असेल तर ब्रूकच्या डेब्यूची क्लिप शोधा, मिळाली तर सहाही राउंड फक्त बकलीकडे बघा. मग ऑगस्टस-मेवेदर बघा. आणि जॉनी ग्रीव्ह्सचं रेकॉर्ड उघडा, 99 फाइटमध्ये 3 विजय आणि 96 पराभव, मग 2013 ला यॉर्क हॉलमध्ये शंभरावी आणि शेवटची फाइट, तीही पॉइंट्सवर, फक्त या वेळी रेफरीने हात त्याचा वर केला.