आर्मीच्या गाडीचा अपघात दिसला तर ड्रायव्हरला मदत कशी करायची

पुण्यात दापोडी, खडकी, वानवडी, खडकवासला, कुठेही जा, बाणाची नंबरप्लेट लावलेली हिरवी गाडी दिसतेच आणि बायपासवर तर अख्खे कॉन्व्हॉय, म्हणजे आर्मीच्या गाड्यांचे ताफे असतात. पण अशा गाडीचा अपघात झाला की सगळे धावतात ते चेपलेल्या कारकडे, आणि ट्रकवाला काय फौजी आहे, एवढ्या मोठ्या गाडीत बसलाय, त्याला काय होतंय असं धरूनच चालतात. हे साफ चूक आहे.

आर्मीच्या स्टॅलियनसारख्या ट्रकचं तोंड चपटं असतं, इंजिन केबिनखाली, म्हणजे ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे नुसता पत्रा. समोरून धडक बसली की डॅशबोर्ड आत येतो, पाय पेडलपाशी अडकतात, स्टिअरिंग छातीवर येतं. गुडघा जोरात आपटला तर खुब्याचा सांधा निखळतो आणि वरून खरचटलेलंसुद्धा दिसत नाही. मांडीचं हाड मोडलं तर एक-दीड लिटर रक्त आतल्या आत जाऊ शकतं, म्हणून माणूस बोलतोय म्हणजे ठीक आहे असं समजू नका. आर्मीची जिप्सी (छोटी जीप) पलटी झाली तर वर नुसतं कापड असतं, तिथे डोकं आणि मान आधी बघायची.

आधी स्वतःची गाडी सुरक्षित जागी लावा, मागून येणाऱ्यांना कुणीतरी लांबूनच हात दाखवून थांबवा. बायपासवरच्या नवले पुलाच्या उतारावर हे नाही केलं तर दुसरा अपघात व्हायला वेळ लागत नाही. मग 112 किंवा 108 ला फोन, आणि लोकेशन सांगताना "नवले ब्रिज" एवढंच नका सांगू, साताऱ्याकडे जाणारी लेन की मुंबईकडे, जवळ कुठला पंप किंवा हॉटेल आहे तेही सांगा. माणूस आत अडकलाय हे आवर्जून सांगा, म्हणजे फायर ब्रिगेडची कटर असलेली गाडी निघते.

आता केबिन. ती उंच असते, पायरीवर एकानेच चढायचं, जमलं तर किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं, हँडब्रेक ओढायचा. गर्दीतून "ओढा रे, बाहेर काढा" असा आवाज येणारच, पण ओढायचं नाही!! आग, धूर असेल किंवा श्वासच थांबला असेल तरच बाहेर काढायचं, तेव्हाही डोकं-मान-पाठ एका रेषेत धरून. नाहीतर दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरा आणि बोलत राहा. जवान बऱ्याचदा दुसऱ्या राज्यातला असतो, "भाई, हिलना मत, अ‍ॅम्ब्युलन्स आ रही है" एवढं सांगितलं तरी तो मान वळवायचं थांबतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल जोरात दाबून धरा, सारखा उचलून बघू नका. पाय अडकला असेल तर बूट ओढू नका. पाणी, चहा काही नाही, ऑपरेशन लागू शकतं. शेजारच्या सीटवरच्या को-ड्रायव्हरकडेही बघा, तो गप्प बसला असेल तर जास्तच.

हत्यार किंवा मागच्या सामानाला हात लावायचा नाही, व्हिडिओ काढायचा नाही. कॉन्व्हॉयमधले जवान आले की काय पाहिलं, काय केलं ते सांगा आणि बाजूला व्हा.

आर्मीचं कमांड हॉस्पिटल वानवडीला आहे म्हणून तिथेच न्यायचा हट्ट नको, जवळचं ट्रॉमाची (गंभीर अपघाती जखमांच्या उपचारांची) सोय असलेलं हॉस्पिटल आधी, पुढचं शिफ्टिंग आर्मी बघते. 1989 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून कुठलंही हॉस्पिटल तातडीचे उपचार नाकारू शकत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ मुळे मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव-पत्ता द्यायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, त्यामुळे घाबरून निघून जाऊ नका.

घरच्यांसाठी थोडं. एफआयआर, एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली जखमांची नोंद), डिस्चार्ज पेपर यांच्या कॉपी लगेच घेऊन ठेवा. युनिटमध्ये इंज्युरी रिपोर्ट भरला का, गाडी ड्यूटीवर होती हे त्यात आलं का ते विचारा, लाजू नका, कारण पुढे अपंगत्व पेन्शनमध्ये दुखापत सेवेमुळे झाली का हाच मुख्य मुद्दा असतो. चूक समोरच्या गाडीची असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात क्लेम करता येतो, पण त्यासाठी सहा महिन्यांच्या आतच वकील गाठा. मणक्याला मार बसला असेल तर खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल आणि तिथलं पॅराप्लेजिक सेंटर (कमरेखालून लुळे पडलेल्या जवानांसाठीचं), पाय गमावला असेल तर 1944 पासून चालू असलेलं आर्टिफिशियल लिंब सेंटर (कृत्रिम हातपाय बसवणारं), दोन्ही पुण्यातच आहेत. गावाकडून आलेल्या घरच्यांना कुठे जायचं कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवा, तिथे कागदपत्रांचं मार्गदर्शन मिळतं.