आवळलेली झोळी सैल करताना : ओटीपोटाखालच्या स्नायूंचा मसाज

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळी घेऊन बसलेल्या बायकांकडे जरा नीट बघा. एखादी सतत एकाच कुल्ल्यावर भार टाकून बसते, उठताना गुडघ्यावर हात देते. विचारलं तर म्हणते, "माकडहाड दुखतंय गो." दिवसभर लघवीला जायला धड जागा नाही, म्हणून ती दाबून धरलेली. भाताच्या लावणीला वाकणाऱ्या, काजूच्या कारखान्यात तासन्‌तास बसणाऱ्या बायांचीही हीच तक्रार.

बाळाला लुगड्याची झोळी बांधतो ना, तशीच स्नायूंची एक झोळी पुढच्या जघनहाडापासून (ओटीपोटाच्या तळाशी हाताला लागणारं हाड) मागच्या माकडहाडापर्यंत असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्याच आधाराने असतात. ती कायम आवळलेली राहिली की माकडहाड दुखतं, लघवी अडखळते, शौचाला कुंथावं लागतं, संबंधाच्या वेळी दुखतं. अशा बाईला कुणी केगेल व्यायाम सांगितले तर घाई करू नका. ते आवळण्याचे व्यायाम आहेत. ताठलेल्या स्नायूंना आधी सैल पडायला शिकवावं लागतं, नाहीतर दुखणं वाढतं.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. ताप, घाण वासाचा स्राव, पाळी गेल्यानंतरचं रक्त, लघवीची जळजळ असेल तर मसाज नको. गरोदर असाल किंवा बाळंतपणाचे टाके ताजे असतील तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही करू नका.

पहिलं काम श्वासाचं. उताणं झोपा, गुडघे दुमडून त्यांच्याखाली उशी ठेवा. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी घ्या, पण सोसवेल इतपतच गरम. नाकाने श्वास घेताना पोट वर येऊ द्या. त्याच वेळी झोळी थोडी खाली सरकते. लघवी सोडताना जसं सैल वाटतं, तसंच वाटलं पाहिजे. जोर लावायचा नाही. पाच मिनिटं एवढंच करा. पुष्कळ जणींना इथेच कळतं की आपण दिवसभर खालचं अंग आवळूनच वावरत होतो.

मग बाहेरून. खोबरेल तेल हाताला लावून जांघेची आतली बाजू आणि कुल्ले हळूहळू दाबा. बसताना जी हाडं टोचतात, त्यांच्या आतल्या कडेला बोटांनी दाब देऊन थांबा. लग्न न झालेल्या मुलींनी आणि ज्यांना आत बोट घालायची भीती वाटते त्यांनी इथेच थांबावं. तेवढ्यानेही फरक पडतो.

आतून मसाज करायचा तर शक्यतो पहिल्या वेळी फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. नखं कापा, हात धुवा, अंगठ्याला मेडिकलमध्ये मिळणारी, पाण्यात विरघळणारी जेली लावा. (तेलाने निरोध फाटतो, हे लक्षात असू द्या.) योनीचं तोंड म्हणजे घड्याळ समजा : वर जघनहाडाकडे 12, खाली गुदाकडे 6. अंगठा पहिल्या पेरापर्यंत आत घेऊन 4 ते 8 च्या भागात दाबा. वरच्या बाजूला मूत्रमार्ग असतो, तिथे हात लावू नका. घट्ट, दुखरी गाठ लागली की घासायचं नाही. अंगठा तिथेच स्थिर ठेवून 30 ते 60 सेकंद श्वास चालू द्या. आपल्याकडे सुईण बाळंतिणीला रगडून चोळते, त्यामुळे जोराने केलं तरच गुण येतो असं वाटतं. इथे उलट आहे. दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर गेलं तर स्नायू आणखी आवळतात. गाठ मऊ पडतेय असं वाटलं की पुढे सरका.

आतला मसाज सगळा मिळून पाच-सात मिनिटं, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी जरा हुळहुळलं तर चालतं, पण दुखणं दोन दिवस टिकलं तर दाब जास्त झाला. महिन्या-दीड महिन्यात आराम पडला नाही, किंवा पायांत मुंग्या येऊ लागल्या, लघवीवरचा ताबा सुटला, तर रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, जिथे जमेल तिथे डॉक्टरांना दाखवा. ताबा अचानक सुटला किंवा जांघा बधिर झाल्या तर त्याच दिवशी जा. आणि आत गेल्यावर "कंबर दुखते" एवढंच सांगून परत येऊ नका. खालचं दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं, असं स्पष्ट सांगा.