उंची वाढवायला घरी काही करणार असाल तर आधी हे वाचा

उंची कमी आहे म्हणून पोरं काय काय करतात ते बघून खरंच जीव घाबरा होतो. पायाला वजन बांधून बारला लटकतात, नडगीवर रोज काहीतरी आपटत बसतात, कुठून तरी मागवलेली ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं स्वतःच टोचून घेतात. टोमणे ऐकून ऐकून माणूस या थराला जातो हे मला समजतं आणि त्यासाठी कोणाला नावं ठेवायची नाहीत, पण यातलं काहीही सुरू करायच्या आधी एकच काम करा, तुमच्या ग्रोथ प्लेट उघड्या आहेत की बंद झाल्यात ते बघून घ्या. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

मांडी, नडगी, हात अशा लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेचा पातळ थर असतो, तीच ग्रोथ प्लेट. तिथे नवीन कूर्चा बनत राहते, तिचं हाड होतं आणि हाड लांब होतं. वयात आल्यावर इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे हा थर हळूहळू हाडातच मिसळून जातो, आणि हे मुलग्यांमध्येही इस्ट्रोजेनमुळेच होतं कारण त्यांच्या टेस्टोस्टेरॉनपैकी थोड्या भागाचं शरीरात इस्ट्रोजेन बनतं. मुलींचं साधारण १४ ते १६ आणि मुलग्यांचं १६ ते १८ च्या आसपास, पण माणसागणिक फरक पडतो, म्हणून नुसत्या वयावरून अंदाज बांधू नका. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून डॉक्टर हाडांचं वय सांगतात. प्लेट बंद असतील तर कुठलाही व्यायाम, पावडर, इंजेक्शन हाड लांब करू शकत नाही. उघड्या असतील तर वाढ अजून शिल्लक आहे, आणि तेव्हाच घरगुती प्रयोगांनी ती कायमची जाऊ शकते.

आता मोजायचं कसं ते बघा, कारण निम्मे गैरसमज इथेच होतात. अनवाणी उभं राहायचं, टाचा आणि पाठ भिंतीला, नजर समोर सरळ, डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून दुसऱ्याने खूण करायची. दर वेळी दिवसाच्या त्याच वेळेला मोजा. सकाळी उठल्यावर आपण रात्रीपेक्षा १ ते २ सेंमी उंच असतो, कारण दिवसभर मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि झोपेत परत फुगतात. लटकून किंवा उलटं टांगून घेऊन "१ सेंमी वाढलो" म्हणतात ते हेच. अंतराळवीरसुद्धा वजनरहित अवस्थेत काही सेंमी उंच होतात आणि खाली आले की परत होते तेवढेच होतात.

साधं बारला लटकणं वाईट नाही, खांदा दुखत नसेल तर करा, फक्त उंचीची अपेक्षा ठेवू नका. पायाला वजन बांधून लटकलात तर ताण हाडावर कमी आणि गुडघ्याच्या, घोट्याच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडं जोडून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, जास्त येतो, आणि ते सैल झाले की सांधा डगमगायला लागतो. उलटं टांगून घेतल्यावर डोळ्यांतलं प्रेशर आणि बीपी वाढतं, काचबिंदू किंवा बीपी असणाऱ्याने तर त्याच्या वाट्यालाच जाऊ नये. नडगीवर आपटण्यामागे म्हणे बारीक फ्रॅक्चर होऊन हाड वाढतं. हाड भरून येतं ते तेवढ्याच लांबीत भरतं, उलट एखादी बारीक चीर मोठी होऊन पूर्ण फ्रॅक्चर व्हायचं, आणि घाव प्लेटला लागला तर तो पाय आखूड किंवा वाकडा वाढू शकतो.

हाड लांब करायची खरी पद्धत एकच आहे ती म्हणजे ऑपरेशन. सोव्हिएत सर्जन गाव्रिल इलिझारोव यांनी १९५० च्या दशकात ती रुळवली, हाड कापून दोन्ही तुकडे दिवसाला साधारण १ मिमीने एकमेकांपासून लांब न्यायचे आणि मधली जागा नवीन हाडाने भरू द्यायची. हॉस्पिटलमध्ये, अनुभवी सर्जनच्या हातूनसुद्धा इन्फेक्शन, नसांना इजा, सांधे आखडणं असे प्रकार होतात आणि सावरायला महिनेच्या महिने जातात. म्हणजे घरी कोणी हाडाशी खेळत असेल तर तो काय करतोय याचा विचार करा.

सगळ्यात जास्त भीती मला हार्मोनची वाटते. प्लेट बंद झाल्यावर ग्रोथ हार्मोन घेतलं तर लांबी वाढत नाही, जबडा, हात, पावलं रुंद होतात, साखर वाढते, मनगटाची नस दबून बोटांना मुंग्या येतात. प्लेट उघड्या असताना डॉक्टरशिवाय घेतलं तर खुब्याच्या हाडाचं डोकं जागेवरून सरकण्याचा धोका असतो, डोक्यातलं प्रेशर वाढू शकतं. जिमवाले स्टेरॉइड तर उलटंच काम करतात, त्यांचं शरीरात इस्ट्रोजेन बनलं की प्लेट लवकर बंद होतात, म्हणजे उंच व्हायला घेतलं आणि होणारी उंचीपण गेली. हल्ली इस्ट्रोजेन कमी करून प्लेट उशिरा बंद व्हाव्यात म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या घेणारी मुलंही दिसतात, ते मुळात ब्रेस्ट कॅन्सरचं औषध आहे, काही निवडक मुलांना तज्ज्ञ देतात पण सतत तपासण्या करत, कारण त्याने हाडं ठिसूळ होऊ शकतात आणि मणक्यांचा आकार बिघडू शकतो.

व्हिटॅमिन डी कमी असेल तर घ्यावंच लागतं, पण ब्लड टेस्ट करून. ९ वर्षांच्या पुढे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज ४००० आययूच्या (पाकिटावर IU लिहिलेलं माप) वर जायचं नाही, अति झालं की रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, सारखी तहान, किडनी स्टोन.

आईबाबांनी एक हिशोब करून बघावा. दोघांच्या उंचीची सेंमीमध्ये बेरीज करा, मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि २ ने भागा. येणारा आकडा म्हणजे मुलाची मोठेपणीची अंदाजे उंची, ती ८-१० सेंमी इकडेतिकडे होऊ शकते. ४ वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५-६ सेंमी वाढतं, त्यापेक्षा बरंच कमी वाढत असेल, किंवा १३ पर्यंत मुलीत आणि १४ पर्यंत मुलग्यात वयात येण्याची काही खूण नसेल तर लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाकडे न्या. ८ च्या आधी मुलगी किंवा ९ च्या आधी मुलगा वयात येत असेल तरी न्या, अशी मुलं आधी वर्गात सगळ्यात उंच दिसतात आणि मग लवकर थांबतात. थायरॉइड, सिलिॲक (गहू न सोसणारा आतड्याचा आजार), ग्रोथ हार्मोनची खरी कमतरता यांवर इलाज आहे, पण तो वेळेत झाला तरच उपयोग.

आणि काही घेऊन झालंच असेल तर लपवू नका. लंगडायला लागलात, खुबा किंवा गुडघा दुखतोय, डोकं सतत दुखून नजर धूसर होतेय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाठीला ताण दिल्यावर दोन्ही पायांत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर थेट इमर्जन्सीत. उंचीच्या पावडरने चेहरा गोल होऊन वजन भराभर वाढत असेल तर त्यात लेबलवर न लिहिलेलं स्टेरॉइड असू शकतं, ते खूप दिवस घेतलेलं असेल तर एकदम बंद करणंसुद्धा धोक्याचं असतं, म्हणून डबा, रिकामी पाकिटं, इंजेक्शनच्या बाटल्या सगळं सोबत न्या आणि किती घेतलं, कधीपासून घेतलं ते खरंखरं सांगा.