ड्राफ्टमधल्या पोरांवर मत ठोकण्याआधी या चुका टाळा

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट (टीम ओळीने नवी पोरं निवडतात तो) जूनमध्ये असतो, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि चहा होईस्तोवर सगळ्या टीमना मार्क देऊनही झालेले असतात, हिला ए, तिला सी मायनस, आणि हा पोरगा तर पक्का बस्ट, म्हणजे फुकट जाणार. मत असायला काहीच हरकत नाही, माझीही ढीगभर आहेत. पण बहुतेकांची गाडी एकाच जागी घसरते. पोराच्या नावापुढे जो आकडा दिसतो तो बराचसा त्याच्या कोचचा असतो आणि आपण तो अख्खाच्या अख्खा पोराच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

नुसतं पॉइंट्सचं ॲव्हरेज बघणं

२०१४-१५ ची केंटकी ही कॉलेज टीम घ्या. कोच जॉन कॅलिपारीकडे त्या वर्षी इतका माल होता की सीझनच्या सुरुवातीला त्याने चक्क पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या पाडल्या आणि आलटून पालटून खेळवल्या. सलग ३८ मॅच जिंकले आणि मग फायनल फोरमध्ये, म्हणजे कॉलेज स्पर्धेच्या सेमीफायनलला, विस्कॉन्सिनने त्यांना घरी पाठवलं. त्या टीममधला कार्ल-अँथनी टाउन्स ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर गेला, ॲव्हरेज किती तर १०.३. एवढंसं? हो, कारण मॅचला मिनिटं मिळायची २१. पूर्ण ४० मिनिटांचा हिशोब लावला की तेच १९-२० होतात. डेव्हिन बुकर तर अख्ख्या सीझनमध्ये एकदाही स्टार्टर नव्हता, बेंचवरून येऊन १० चं ॲव्हरेज, १३ व्या नंबरवर गेला आणि दोन वर्षांत बोस्टनविरुद्ध एका मॅचमध्ये ७० पॉइंट्स मारून बसला.

बॅम अडेबायोचं अजून मजेशीर आहे. केंटकीत त्याचं काम काय, तर रिंगपाशी थांबायचं आणि वरून येणारा लॉब, म्हणजे उंच पास, रिंगमध्ये हाणायचा. ॲसिस्ट (ज्या पासवर दुसरा बास्केट करतो तो) मॅचला एकसुद्धा पडत नव्हता. मायामीत कोच एरिक स्पोल्स्ट्राने त्याच्या हातात बॉल देऊन अख्खा ऑफेन्स त्याच्यातून चालवला आणि २०१९-२० ला ॲसिस्ट पाचच्या वर गेले. पासिंग काय मायामीच्या हवेत शिकला का? कॉलेजात कुणी मागितलंच नव्हतं.

आणि हे उलटंही चालतं बरं का. सिराक्यूज कॉलेजचा कोच जिम बोहाइम वर्षानुवर्षं २-३ झोन खेळवायचा, म्हणजे प्रत्येकाने माणूस नाही तर आपली जागा सांभाळायची, त्यात लांब हातांचे गार्ड पासिंगच्या वाटेत उभे राहून स्टील्स गोळा करतात, कागदावर भारी डिफेंडर दिसतात, पण तो पोरगा एकट्याने समोरच्याला अडवू शकतो का हे त्या झोनमध्ये नीट दिसतच नाही. तेव्हा आकडा जरा विचित्र वाटला, खूप कमी किंवा खूप जास्त, तर आधी मिनिटं, मग टीमचा वेग, मग कोचने त्याला नेमकं काय काम दिलं होतं, या क्रमाने तपासा. दहातल्या सात-आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं.

थ्रीचा टक्का बघून "शूटर नाही" म्हणणं

टायरीस मॅक्सी, पुन्हा केंटकीच, काय करणार. थ्रीचा (लांबून मारायच्या तीन पॉइंट्सच्या शॉटचा) टक्का २९, म्हणून लोकांनी नाक मुरडलं आणि २०२० मध्ये तो २१ व्या नंबरपर्यंत घसरत फिलाडेल्फियाला मिळाला. आता नीट बघा, अख्ख्या सीझनमध्ये त्याने थ्रीचे प्रयत्नच केले होते ११० च्या आसपास. सात शॉट जास्त पडले असते तर हाच टक्का ३५ झाला असता आणि कुणी हूं की चूं केलं नसतं. एवढ्याशा शॉट्सवरून काय ठरवणार? त्याच पोराचा फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) टक्का ८३ होता. फ्री थ्रोला अंतर कायम एकच, हात घालायला समोर कुणी नाही, त्यामुळे हाताची खरी सवय तिथे दिसते. थ्री आणि फ्री थ्रोचं जमत नसेल तर मी तरी फ्री थ्रोवर जास्त विश्वास ठेवतो.

मार्केल फुल्ट्झचं बरोब्बर उलटं होतं, थ्री ४१ टक्के आणि फ्री थ्रो ६५. २०१७ ला पहिल्या नंबरवर गेला आणि त्याचा शॉटच हरवला. अर्थात त्याला पुढे थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम निघाला, खांद्याजवळच्या नसा दबण्याचा आजार, ते ड्राफ्टच्या रात्री कुणाला दिसणार होतं? म्हणून "मी तेव्हाच म्हणालो होतो" वाल्यांपासून जरा लांबच राहा.

हायलाइट बघून मॅच बघितली असं समजणं

हायलाइटमध्ये चुकलेला शॉट नसतो हे सगळ्यांना माहितीये, तरी सगळे तेच बघतात. एक अख्खी मॅच घ्या आणि बॉलकडे बघूच नका, फक्त त्या पोराकडे बघा. त्याने अडवायचा माणूस दुसऱ्या कॉर्नरला उभा आहे, बॉल या बाजूला, कुणीतरी ड्राइव्ह मारतोय. आपला पोरगा एक पाय पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्यात, टाकतो का, की माणसाला चिकटून नुसता बघत बसतो? पेंटमध्ये गेला आणि बॉल परत कॉर्नरला फिरला, तर हात वर करून छोट्या पावलांनी पोचतो की सुसाट पळत जाऊन शूटरला ओलांडून पुढे निघून जातो? अशा दहा पझेशन (बॉल एका टीमच्या ताब्यात असण्याच्या पाळ्या) बघितल्या की डंकच्या व्हिडिओपेक्षा जास्त कळतं. कंटाळा येतो, मान्य.

वय बघून फुली मारणं

माल्कम ब्रॉग्डन व्हर्जिनिया कॉलेजात शेवटच्या वर्षापर्यंत खेळला, २०१६ ला ३६ व्या नंबरवर गेला आणि रूकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या पोरांतला सर्वोत्तम, झाला. जेलन ब्रन्सन व्हिलानोव्हा कॉलेजकडून दोन चॅम्पियनशिप जिंकून आला तरी ३३ वा. मोठ्या वयाच्या पोराला वरची मर्यादा नसते असं मी म्हणत नाही, पण पहिल्या राउंडच्या शेवटी आणि दुसऱ्या राउंडमध्ये कसला भावी सुपरस्टार शोधताय राव.

आपला म्हणून

सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ वा गेला, डॅलसने घेतला, भारतातला पहिला. आनंद सगळ्यांनाच झाला. पण तो कॉलेज बास्केटबॉल न खेळता थेट आला होता आणि इतक्या मागे निवडलेल्यांना एनबीएत पक्की जागा मिळवणं अवघडच असतं, त्यामुळे एकही एनबीए मॅच मिळाली नाही याला अन्याय म्हणणं काही पटत नाही.

कोचला नुसत्या रेकॉर्डवर तोलणं

कॉलेजचा भारी कोच एनबीएत चालतो की नाही यावर लोक दरवेळी एकच टोक पकडतात. जॉन बीलाइन मिशिगन सोडून क्लीव्हलँडला आला, १४ जिंकून ४० हरल्यावर सीझनच्या मध्येच गेला, म्हणून कॉलेजवाले नकोत. पण ब्रॅड स्टीव्हन्स बटलर कॉलेजमधूनच थेट बोस्टनला आला होता ना? कॉलेजात पोरं कोच निवडतो, न आवडलं तर बसवतो. एनबीएत प्लेयरचा पगार कोचपेक्षा मोठा असू शकतो, मॅच ८२, प्रॅक्टिसला वेळच नाही. म्हणून त्या माणसाने मोठ्या प्लेयरला कसं सांभाळलंय ते बघा, ट्रॉफी नंतर मोजा.

आणि रिबिल्डिंगवाल्या, म्हणजे नव्याने उभी राहणाऱ्या, टीमच्या कोचला तर हरलेल्या मॅचवरून बोलूच नका. मार्क डेग्नॉल्टचे ओक्लाहोमा सिटीतले पहिले दोन सीझन २२-५० आणि २४-५८ होते. तेव्हा काढून टाका म्हणणारे होतेच. मग ४०, ५७, आणि २०२४-२५ ला ६८ विजय आणि टायटल. त्या पडत्या काळातही टाइमआउटनंतरच्या पहिल्या पझेशनला त्यांना चांगला शॉट मिळतोय का, पोरं डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये बरी खेळतायत का, हे बघता येत होतं. सध्या तळाला असलेल्या कुठल्याही टीमचा कोच घ्या आणि हेच दोन प्रश्न विचारा, स्टँडिंग्जचा टेबल तेवढा वेळ बंद ठेवा.