एमजीबीचा मागचा ड्रम अडकला तर हातोडा घेऊ नका

जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मागचे ब्रेक घरी उघडताना दोन्ही स्क्रू काढले तरी ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) हलत नाही. शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे कमानदार तुकडे) घासून ड्रम झिजतो, त्याला आतून कड येते आणि शू तिच्यातच अडकतात. ठोकाठोकीने बिडाचा ड्रम तडकतो.

१. आदल्या रात्री बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या) मागे असलेल्या ॲडजस्टरच्या, म्हणजे शू ड्रमच्या जवळ-लांब करणाऱ्या स्क्रूच्या, चौकोनी टोकावर गंज सोडवणारं तेल सोडा.

२. पुढच्या चाकांना उटी लावा, गाडी स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा.

३. पाव इंची चौकोनी ब्रेक-पान्यानेच ॲडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने पूर्ण सैल करा. पकड लावली की त्या टोकाच्या कडा गोल झाल्याच म्हणून समजा. आता ड्रम हातानेच निघतो.

४. शू काढताच व्हील सिलिंडरवर (पेडल दाबलं की शू बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्यावर) जाड रबरबँड चढवा, म्हणजे पिस्टन बाहेर येणार नाहीत. ड्रम बाहेर असेपर्यंत पेडलला पाय लावायचा नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंगा शूच्या मागच्या अंगाला बसतात. कुठली कुठे हा गोंधळ झाला, तर दुसरी बाजू नमुन्याला तशीच असते.

जोडल्यावर चाक अडेपर्यंत ॲडजस्टर आवळा, पेडल दोनदा जोरात दाबा, पुन्हा आवळा. मग चाक मोकळं फिरेपर्यंत एकेक टिचकी मागे घ्या.

आतली काळी धूळ फुंकू नका, हवेनेही उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.